माझी हवा टिकू लागली

मित्रांनो, राहात्याजवळच्या एका पेरूच्या बागेत मी राहते. मी छर्ऱ्याची बंदूक, वयाने बरीच जुनी. माझा दांडा चार-पाच वेळा उघडून मिटला की पोटात हवा दाबून भरते आणि चाप ओढला की त्या हवेने छर्रा सुटतो. एवढंच माझं काम. पण मी खेळणं आहे की हत्यार, हे मला कुणी नीट सांगितलंच नाही.

बागेचे मालक बन्सीआबा मला राघूंवर कधी रोखत नसत. बांधावर तेलाचा रिकामा डबा टांगला होता. छर्रा त्यावर बसला की ठण्ण आवाज व्हायचा आणि राघूंचा थवा उडायचा. कधी राघू आधीच उडत. मग आबा मला तशीच, भरलेली, फांदीला अडकवून चहाला जात. माझा आतला रबरी वायसर झिजलेला होता. चहा संपेपर्यंत हवा आपोआप निघून जायची.

मग नागापूरच्या कारखान्यात कामाला असलेला त्यांचा भाचा कानिफनाथ सुट्टीवर आला. त्याने मला खोललं. नवा वायसर घातला, दांडा लांब केला, खांद्याला टेकवायला बाभळीचा दस्ता बसवला, चाप हलका केला.

"मामा, बगा, नवरी दिसती का न्हाई?"

"लई झ्याक! पर वर दुर्बीण कवा लावतो?"

"फुडच्या सुट्टीला. आधी पोरगी नांदू तर द्या!"

सगळे हसले. मी सुखावले, आणि गोंधळलेही. दस्ता नवा, चाप नवा, मग यातली मी कोणती?

दुसऱ्या दिवशी राघू आधीच उडाले. आबांनी सवयीने मला फांदीला अडकवलं. चहा झाला, गप्पा झाल्या. हवा आता निघेल, मग निघेल, मी वाट बघत होते. निघेचना. हे बरं की वाईट, मला समजेना.

तेवढ्यात आबांची पाच वर्षांची नात राजनंदिनी आली. तिने मला खाली ओढलं, दस्ता मातीत टेकवला आणि नळीच्या तोंडाला डोळा लावला. तिचा एक हात चापाजवळ चाचपडत होता.

"राजी, हात काढ! हलू नको!" तिची आई शुभांगी धावत आली. नळी बाजूला वळवून तिने मला हिसकावून घेतलं.

"आगं, किती घाबरती! सकाळची हवा, कवाच गेली आसंल," आबा म्हणाले.

"आबा, पण वायसर नवा आहे ना?"

मला हातात घेऊन आबांनी बांधाच्या मातीवर रोखलं आणि चाप ओढला.

फट्! ढेकूळ फुटून धूळ उडाली.

आबा तिथेच खाली बसले. नातीला त्यांनी इतकं घट्ट धरलं की ती रडायलाच लागली.

आता चहाला जाण्याआधी आबा मला मातीत रिकामी करतात आणि पेटीत घालून कुलूप लावतात. दुर्बिणीचं नाव कुणी काढत नाही. मी सुधारले की बिघडले, मला अजून ठरवता येत नाही. मित्रांनो, माझं कौतुक करा, पण मोठं माणूस जवळ नसताना मला हात लावू नका. माझ्या पोटात काय आहे, ते बाहेरून कुणालाच दिसत नाही.

काल राजीने पेटीकडे बघत विचारलं, "आई, आता ती रिकामी आहे ना?"

शुभांगी म्हणाली, "मला माहीत नाही, बाळा. म्हणूनच हात लावायचा नाही."