कपिलीचा नंबर परदेशात अडकला

माज्या कपिलीला चारा छावणीतून हाकलायला निघालते, आन तेबी कावून, तर म्हणे ती कंप्युटरात न्हाई! गाय डोळ्यापुढं उभी, दिवस भरलेले, कानात पिवळा बिल्ला. आन सोसायटीचा कारकून गहिनीनाथ म्हणतो, "सारजाकाकू, बिल्ल्याचा नंबर टाकला की पडदा कोराच येतोय. यादीत न्हाई त्या जनावराला चारा न्हाई."

"आरं मुडद्या, काल तर येत होता!"

"काल येत होता. दूध सोसायटीची समदी माहिती कंप्युटरवाल्या कंपनीनं परदेशातल्या कंप्युटरात ठेवलीती. सरकार म्हणलं, आमच्या लोकायची माहिती आमच्याच देशात पाहिजे. कंपनीनं ऐकलं न्हाई, सरकारनं तिला बंद केलं. माहिती तिकडंच अडकली."

आमच्या गावात, तलवाड्यात, काडी न्हाई, हिरीत थेंब न्हाई. सांजच्याला बाहेर काढलं तर कुठं व्यायची ही?

"बबनराव, जुनी रजिस्टरं काढा की!" मी चेअरमनला म्हणलं. "तिच्या आईपासून समदं लिवलंय त्यात."

बबनराव माज्याकडं बघतच राहिले. "सारजाबाई, तुमीच न्हाई का..."

आगं बाई! मीच की. कंप्युटर आला तवा रजिस्टरं रद्दीत चाललीती. लिवलेला कागद पायाखाली येऊ नये म्हणून मीच भांडले, हळदकुंकू लावलं आन समदी गंगेत सोडायला लावली. आता गोदावरीला, आमच्या गंगेला, काय म्हणू, परत दे? लई रडू आलं मला.

उन्हं कलल्यावर गहिनीनाथ नवं मशीन घेऊन आला. "दुसरी कंपनी हाय. अंगठा द्या, नव्यानं नोंद करू. ह्या बारीला माहिती देशातच राहणार."

"देशात म्हंजी कुठं? कुणापाशी?"

"ते लिवलेलं न्हाई."

"आन उंद्या ह्यांचंबी भांडण झालं तर?"

त्यानं मशीन माज्यापुढं सरकवलं. कपिलीनं माजा पदर चाटला. मी अंगठा दिला, तवा कुठं तिच्यापुढं वैरण पडली.

मग मी बबनरावांपुढं कोरी वही आपटली. "लिवा. कपिली, तांबडी, कपाळावर चांदवा, मालकीण सारजा. आन ही वही कुणी गंगेत सोडाय निघालं, तर आदी मला सोडा."

बबनराव हसले. मला हसू आलं न्हाई. अंधार पडला तरी मी कपिलीच्या कानातला बिल्ला मुठीत धरून बसलेती.