कापायला जागा

मला लग्नांचा राग येतो. लग्नांवरच पोट चालतं म्हणून तो मी एरवी घरी ठेवून निघते, पण पाऊस असला की तोही छत्रीबरोबर निघतो. त्या दिवशी तर सकाळपासून धो धो लागून राहिला होता. नोंदणी कचेरीत सह्या, मग कचेरीच्या मागच्या बागेत फोटो, असं ठरलेलं. बागेचं तळं झालं होतं आणि बाकाखाली एक कुत्रं मला बघून कुत्सित हसल्यासारखं वाटलं.

नवरी आदल्या आठवड्यात माझ्या स्टुडिओत येऊन गेली होती. घरातलं नाव ठमी, आणि ते तिनेच मला सांगितलं. तिने काउंटरवर दोन फोटो ठेवले. दोन्ही तिच्या पहिल्या वाढदिवसाचे, एकाच फोटोच्या दोन प्रती. आईकडच्या प्रतीत ठमीच्या खांद्यावर एक केसाळ हात होता आणि हाताच्या पुढे माणूसच नव्हता. वडिलांकडच्या प्रतीत तिच्या गालाशी एक लांब वेणी लोंबत होती, वेणीची मालकीण गायब.

"ताई, बाकीचे फोटो कसेही येऊ देत," ती म्हणाली. "मला एकच हवाय. दोघं आणि मी. अख्खा."

मी हो म्हटलं. सगळ्यांना हो म्हणायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

दुसरा धडा कडेच्या माणसाचा. जो टिकेल की नाही याची घरच्यांना खात्री नसते, म्हणजे आत्याचा नवा मित्र, रुसका मेहुणा, त्याला फोटोत कडेला उभं करायचं. पुढेमागे बिनसलं तर कात्री सरळ खाली येते, कुणाचा कान जात नाही. आता कॉम्प्युटरवर माणूस पुसता येतो, हे लोकांना ठाऊक आहे. पण रागाला कात्रीच लागते.

कचेरीच्या दारात ठमीची आई भेटली. तिने आपली छत्री माझ्या बॅगेवर झटकली आणि कानाशी आली. "तो टोकाला. आणि मध्ये जरा फट ठेवा." मी मान डोलावली. आत व्हरांड्यात वडिलांनी गाठलं. "बाई, तिला शेवटाला उभी करा. कापायला जागा ठेवा." मी तिथेही मान डोलावली.

सह्यांच्या खोलीत दोघं साक्षीदार म्हणून आमनेसामने बसली. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते मी बरंच पाहिलंय, पण इथे विळा कोण नि भोपळा कोण तेच कळेना, दोन्ही बाजूंना धार. वडिलांनी सही करून पेन टेबलावर ठेवलं. आईने ते रुमालाने पुसलं, टोपणापासून निबापर्यंत, मग हातात घेतलं.

"अजून तशीच आहेस," वडील म्हणाले.

"तू मात्र सुटलायस," आई म्हणाली आणि सही केली.

ठमी मधे बसून टेबलाकडे बघत होती. नवरामुलगा तिच्याकडे बघत होता. गरीब गाय होता बिचारा, एकटाच खरं लग्न करायला आलेला.

बाग गेली, उरला मागचा पोर्च. इवलंसं पत्र्याचं छप्पर, त्याच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या धारा, पाठीमागे दाराची उंच पायरी. मी बाहेर पावसात उभी, कॅमेऱ्यावर छत्री धरायला जावई. म्हटलं, आधी आईबापांचा फोटो उरकू, मग तू ये. एसीच्या खोलीतून बाहेर आल्यामुळे लेन्सवर वाफ धरली होती. ती पुसायची नसते, पुसली की सगळ्या काचेवर फरफटते. आपोआप उडेपर्यंत गप्प थांबायचं. तेवढा वेळ त्या तिघांनीही थांबायचं होतं, आणि तिथेच घात झाला.

आई ठमीच्या डावीकडे चिकटली. वडील उजवीकडे चिकटले. दोघंही आपापली जागा धरून माझ्याकडे बघत राहिले.

"बाई, याला सरकवा की," आई म्हणाली. "तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"हिला सरकवा," वडील म्हणाले. "मीही सांगितलंय."

"काय सांगितलंय?" ठमीने विचारलं.

पत्र्यावर पाऊस बडवत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता आलं असतं, धंदाच तो आहे. पण पाय भिजलेले, लेन्स आंधळी, आणि त्या दोघांची तोंडं बघून माझं डोकं फिरलं होतं.

"कडेला ठेवायला," मी ओरडले. पावसात ओरडावंच लागत होतं. "यांनी त्यांना, त्यांनी यांना. नंतर कापायला!"

"दोघांनीही?"

"दोघांनीही."

ठमी हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "निदान एका गोष्टीवर तरी एकमत झालं तुमचं," ती म्हणाली आणि मधून निघाली. मला वाटलं, गेली आता ही आत. ती मागच्या पायरीवर चढली. तिथून तिने एक हात आईच्या खांद्यावर टाकला, एक बापाच्या, आणि दोघांना मधल्या मोकळ्या जागेत ओढून एकमेकांवर आपटलं. तिचा चेहरा बरोबर दोन खांदे भिडले होते तिथे, मधोमध.

"मी याला खेटून उभी राहणार नाही," आई म्हणाली.

"नको राहूस. पावसात जा."

"ठमे, हात काढ," वडील म्हणाले.

"नाही काढणार. बाबा, त्या वाढदिवसाच्या फोटोत हात तुमचा होता. कुणाचा म्हणून मी किती वर्षं विचारत होते, आठवतंय? आता कापा. दोघंही कापा. कात्री माझ्या नाकावरूनच जाईल."

तिचा आवाज फाटला. आईने तोंड फिरवलं, पण खांदा हलवला नाही, कारण बाहेर धार लागली होती. वडिलांनी दात आवळले. तेवढ्यात लेन्सवरची वाफ उडाली आणि मी बटण दाबलं. 'हसा' वगैरे मी म्हटलंच नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात इतका रागीट फोटो मी काढलेला नाही. जावयाच्या हातातली छत्री कधीच एका बाजूला झुकली होती आणि पाणी माझ्या मानेत जात होतं.

वडिलांनी आपली प्रत माणूस पाठवून नेली. आई स्वतः आली. त्या दिवशी ऊन होतं, तरी छत्री होतीच हातात.

"याला पुसून द्या," ती म्हणाली.

"नवरीने बजावलंय. पुसायचं नाही."

"मग माझं मी बघते."

तिने फोटो काउंटरवर ठेवला आणि वडील मागे जातील अशा बेताने दुमडला. फ्रेममध्ये असे दुमडलेले नवरे पुष्कळ असतात. तिने घडी नखाने दाबली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग फोटो उचलून डोळ्यांसमोर धरला. अर्धी ठमी तिच्याकडे बघत होती.

तिने घडी उलगडली. अंगठ्याने चोळली, मग रुमाल काढून चोळली, ज्याने पेन पुसलं होतं तोच रुमाल. रेघ जाईना. ठमीच्या तोंडावर वरून खाली पांढरा चरा तसाच राहिला.

"दुसरा काढून द्या," ती खाली मान घालून म्हणाली.

"दुमडायला?" मी विचारलं. माझा स्वभावच वाईट.

"अख्खा."

मी प्रिंट लावली. तिने चरा पडलेला फोटो टाकला नाही, पर्समध्ये ठेवला, सरळ, घडी न घालता. नवा हातात घेतला आणि दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

"त्याला सांगायचं नाही," ती म्हणाली.