पहिल्या टेबलाचा मान

फ्लूच्या एका सुईतून अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांना काय मिळणार होतं, याचा हिशोब सरळ होता. एक म्हणजे नात मांडीवर. सातव्या महिन्यातच जगात यायची घाई केलेली ती पोर काचेच्या पेटीतून नुकती घरी आली होती. लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, लस घेतल्याशिवाय माझा उंबरा ओलांडायचा नाही. घेतल्यावरही दोन आठवडे थांबायचं. तिची फुप्फुसं अजून कच्ची आहेत." दुसरा लाभ मानाचा. विद्यापीठाने पत्रक काढलं होतं की विभागप्रमुखांनी आधी टोचून घ्यावं, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल.

माणसाने नात उचलली असती आणि मान सोडला असता. पण माणसाची गोष्ट वेगळी, विभागप्रमुखाची वेगळी.

सरांच्या बायकोने, म्हणजे सगळ्या परिसराच्या काकूंनी, त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन लस घेतली. निघताना म्हणाल्या, "अहो, चला की माझ्याबरोबर. दोन मिनिटांचं काम."

"अगं, विद्यापीठात हक्काची मिळत असताना बाहेर कशाला? आणि मी तिथे दिसलो नाही तर लोक काय म्हणतील?"

लोक काहीही म्हणाले नसते. पण हे सरांना कोणी सांगायचं?

लसीकरण जिमखान्याच्या हॉलमध्ये होतं. बॅडमिंटनच्या पट्ट्यांवर खुर्च्या मांडल्या होत्या, दोन टेबलं, दोन नर्स, शेजारी बर्फाचा डबा. पोरं एका हाताने बाही वर करत, दुसऱ्याने मोबाइल चाळत, टोचून घेत आणि थोडा वेळ बसून मोकळी होत. सर पहिले दोन दिवस फिरकलेच नाहीत. गर्दी ओसरली की आदबीने बोलावणं येईल, अशी त्यांची समजूत. ते काही आलं नाही, म्हणून तिसऱ्या म्हणजे शेवटच्या दिवशी स्वतःच निघाले, जणू हॉलवर उपकार करायला.

कर्मचाऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख उभे. हे दोघे नोकरीला एकाच दिवशी लागलेले. अर्थशास्त्र सकाळी रुजू झालं, भौतिकशास्त्र जेवणानंतर. त्या अर्ध्या दिवसाच्या भांडवलावर सरांनी तीस वर्षं काढली होती.

"सर, आपण जरा मागे," अर्थशास्त्र म्हणालं.

"का बुवा? मी आधी आलोय."

"हॉलमध्ये आधी आलात. नोकरीत नाही."

"अहो, मी जेवून आलो, तुम्ही उपाशी आलात. फरक तेवढाच."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. नर्स मान वर न करता म्हणाली, "दोन्ही टेबलं रिकामी आहेत. दोघंही बसा, एकदमच टोचतो."

कोणालाही वाटेल, गाठ सुटली. पण टेबलांवर कागद चिकटवलेले होते, एकावर १, दुसऱ्यावर २.

"एकवर मी," सर म्हणाले.

"असं का? दोनवरची सुई काय बोथट आहे?"

"मग तुम्हीच बसा की तिथे."

"मी कशाला बसू?"

दोन्ही खुर्च्या रिकाम्या. एक विद्यार्थिनी पुढे आली. "सर, तुम्ही बसताय का?" दोघं आकड्यांवरून भांडतच होते, तशी ती बसली, टोचून घेतलं आणि गेली. दोनवर माळीबुवा बसले. मग ग्रंथपाल आले, पहारेकरी आले, शाळकरी पोरांसारख्या कोपरखळ्या मारत चार प्राध्यापिका आल्या. नदीतल्या दोन धोंड्यांना वळसा घालून पाणी जावं तशी रांग निघून गेली. धोंडे नेमणुकीचे आदेश तोंडपाठ म्हणून दाखवत राहिले.

शेवटी नर्सने डब्याचं झाकण लावलं. "संपली. उद्या इंजिनिअरिंगच्या इमारतीत आहोत, तिकडे या."

"संपली म्हणजे? राखून ठेवायला नकोत?" सर कडाडले.

"कोणासाठी?"

"विभागप्रमुखांसाठी!"

"सर, खुर्ची राखलीच होती की इतका वेळ."

सरांनी तडक कुलसचिवांकडे लेखी तक्रार केली आणि ज्येष्ठतेनुसार खास शिबिर मागितलं. ते दोन दिवसांत होणारच, याची त्यांना खात्री. म्हणून विभागातल्या प्रथमोपचाराच्या पेटीतून कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी काढून त्यांनी दंडावर लावली. काकूंनी विचारलं, "घेतली?" "घेतली." लेकीलाही फोनवर तेच. त्यांच्या मते हे खोटं नव्हतंच. खरंच होतं, पण आगाऊ बोललेलं.

कुलसचिवांकडून उत्तर आलं नाही. दोन आठवडे मात्र भरले. लेकीकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी सर आणि काकू भाजी घ्यायला गेले, तर कांद्यांच्या ढिगापाशी भौतिकशास्त्र.

"काय हो, तुमच्या खास शिबिराचं काय झालं? मी आपला दुसऱ्याच दिवशी इंजिनिअरिंगच्या पोरांत उभा राहून घेतली. अर्धा तास गेला, पण सुटलो. तुमची राहिलीच ना?"

एखादा इथे ओशाळला असता. सरांचा चेहरा फुलला.

"पोरांच्या रांगेत? तुम्ही? कितवे?"

"शेवटून तिसरा असेन. का?"

घरी येईपर्यंत सर हवेत होते. "ऐकलंस ना? शेवटून तिसरा! शेवटी झुकलाच की नाही?"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "तुमची राहिलीय, तेही ऐकलं. आणि ती दंडावरची पट्टी?"

"अगं, तो तत्त्वाचा प्रश्न होता."

"मग तत्त्व घ्या मांडीवर."

काकूंनी एकटीची पिशवी भरली. लेकीला सगळं खरं सांगितलं, तिच्या शिव्या नवऱ्याच्या वतीने स्वतः खाल्ल्या, आणि चार दिवस नात छातीशी धरून बसल्या. लेक बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा सलग झोपली.

पाचव्या दिवशी सरांचा फोन. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "अगं, उठवत नाही. डॉक्टर फ्लू म्हणतायत."

"आई, नको ना जाऊस," लेक म्हणाली. "तिकडे एकदा गेलीस की परत नाही येता यायचं, बाळ आहे. शेजारी बघतील बाबांना."

"त्यांना कोण बघणार, बाई? पाणी आधी कोणाच्या घरचं घ्यायचं, यावरही अडून बसतील."

काकू तोंडाला मास्क लावून घरात शिरल्या. सर पांघरुणातून कण्हत म्हणाले, "त्या भौतिकवाल्याला काही झालंय का गं?"

"ठणठणीत आहे."

"येईल, त्याचाही नंबर येईल," सर आशेने म्हणाले आणि कूस बदलली.

तर जमाखर्च असा. भौतिकशास्त्राला अर्धा तास उभं राहावं लागलं. सरांना आठवडाभर ताप आला आणि उतरला, आणि आपण शेवटपर्यंत वाकलो नाही हे ते भेटेल त्याला सांगतात. वेळेवर दंड पुढे करणाऱ्या काकू नवऱ्याच्या उशाशी औषधाचे डोस मोजत अडकल्या. आणि नियम घालणारी लेक, नवरा कामावर गेला की तान्ह्या पोरीला खांद्यावर टाकून, डोळे मिटू न देता, आईचं तोंड फोनवर बघत बसली. किंमत या मायलेकींनी भरली, सगळीच्या सगळी.