माटोळीखालचा फोटो

बाबांच्या कपाटात झीरोचा बल्ब रात्रंदिवस जळत असे. कॅमेरे आणि लेन्स ठेवायचं ते लाकडी कपाट. बल्बच्या उबेने आत ओल धरत नसे, काचांना बुरशी लागत नसे. नार्व्यात आमचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे, पावसाळ्यात चपलासुद्धा हिरव्या होतात. गेल्या वर्षी बाबा गेले. तेराव्यानंतर पाहुणे परतले आणि घर आवरताना तो बल्ब मीच बंद केला. का केला ते नीटसं सांगता येणार नाही. घरात उगाच एक दिवा जळतोय, एवढंच तेव्हा मनात आलं असेल.

वर्षाने कपाट उघडलं तेव्हा रशियाकारात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

रशियाकार म्हणजे बाबांची लेन्स. खनिजाच्या बार्जवर काम करणाऱ्या भिकाजी नावाच्या त्यांच्या मित्राने ती मुरगाव बंदरात एका रशियन खलाशाकडून मिळवली होती, काजूच्या फेणीच्या दोन बाटल्यांच्या बदल्यात. ओंजळीत मावेल एवढी, पण वजनाला पाट्याच्या वरवंट्यासारखी. तिच्यात आपोआप काहीच होत नाही. कडी फिरवत राहायचं, समोरचा चेहरा धुक्यातून हळूहळू बाहेर येतो, आणि आला असं वाटलं की थांबायचं. डिचोलीच्या बाजारात बाबांचा स्टुडिओ होता. लग्नाच्या घोळक्यांना ते दुसरी लेन्स लावत; एकट्या माणसाचा जवळून फोटो काढायचा असला की रशियाकार. त्या फोटोत माणसाचे डोळे लख्ख असत आणि त्याच्या मागचं सगळं गोल फिरत असे. पानांमधून येणाऱ्या उजेडाचे ठिपके मध्यभागी वाटोळे, कडेला गेले की काजूबियांसारखे लांबट. लोक बाबांचं नाव घेऊन म्हणत, कृष्णनाथाच्या फोटोत वारा असतो.

दर चवथीला ते आईचा एक फोटो काढत. गणपतीच्या डोक्यावर आम्ही माटोळी बांधतो. लाकडाची चौकट आणि तिला टांगलेली रानातली, परसातली फळंफुलं: कांगलां, आंबाडे, सुपारीचे घड, तोरिंजन, चिबूड. ती बांधून झाली की मूर्ती यायच्या आदल्या दुपारी आईला तिच्याखाली बसवायचं. मी जन्मायच्या आधीच्या वर्षी, लेन्स आली तेव्हा, हा प्रघात पडला. एका जाड आल्बममध्ये असे शेहेचाळीस फोटो आहेत. गेल्या वर्षी बाबा चवथीच्या आधी आठ दिवस गेले. सुतकात माटोळी नव्हती, गणपती नव्हता. पण आईने आल्बमच्या पुढच्या पानावर फोटो धरायचे चार काळे कोपरे चिकटवून ठेवले होते. आत काही नव्हतं.

ते चार कोपरे पाहिल्यावर मी ठरवलं की यंदाचा फोटो व्हायला हवा, आणि तो त्याच लेन्सने व्हायला हवा.

"कपलार कुंकू ना, म्हजो फोटो कसलो आतां?" आई म्हणाली.

"कपाळाचा नाही काढत. तुझा काढते."

तिने आल्बम मिटून जागेवर ठेवला. तिच्या बाबतीत हे नाही म्हणणं नव्हे.

पणजीला माझी नोकरी ग्रंथालयात आहे. तिथून चार पावलांवर एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली शंभू बसतो, सावंतवाडीकडचा, घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करणारा. त्याने लेन्स खिडकीकडे धरली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

"खंय ठेवलेली? बावीत?"

"कपाटात."

"बुरशी काचेक खाता, बाई. अजून एक पावस गेलो असतो तर फेकूकच लागली असती. तयेच्या आदल्या दिसा येवा."

चवथीच्या आदल्या दिवसाला आमच्याकडे तय म्हणतात. त्याच्या एक दिवस आधी मी लेन्स आणायला गेले. शंभूने ती फडक्यावर ठेवून माझ्यासमोर फिरवली. काच अशी स्वच्छ की आहे की नाही कळू नये.

"बुरशी काढलंय. आणि आतली एक गंमत बघा. पुढची काच उलटी बसयलेली होती. ती पण सरळ केलंय."

"उलटी? कुणी बसवली?"

"कोण तरी आडाणी. साफ करूक खोलली आसतली आणि घालताना उलटी घातली. आश्चर्य म्हणजे तुमच्या बापाशीक कळाक नाय."

"माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं स्टुडिओ चालवला, शंभूबाब."

"मगे खलाशान उलटी घातल्यान!" तो हसला. मला हसू आलं नाही, तरी त्याचे आभार मानले. खरं तर मनात थोडा आनंदच होता. बाबांना कधीच मिळाली नव्हती अशी, अगदी कारखान्यातून आल्यासारखी त्यांची लेन्स मी घरी नेत होते.

तयेला दुपारी चुलतभाऊ निलेशने माटोळी बांधली आणि तो मूर्ती आणायच्या तयारीला गेला. आईचा उपास होता. स्वयंपाकघरात नेवऱ्यांचं चून, म्हणजे करंज्यांचं सारण, शिजत होतं, त्याचा गूळ-वेलचीचा वास बाहेरपर्यंत येत होता. ती पदराला हात पुसत आली आणि माटोळीखाली बसली, वर्षानुवर्षं बसायची तशी, किंचित दाराकडे वळून. माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला एक जोडकडी लावून मी रशियाकार बसवला, कडी फिरवली, आईचा चेहरा आला, बटण दाबलं.

फोटो चांगला होता. आई स्पष्ट, तिच्या मागे लोंबणारी कांगलां स्पष्ट, आंबाड्यांवरचे डागसुद्धा मोजता येत होते. मी आणखी दोन काढले. तेही तसेच.

आईने चष्मा लावून पडद्यावर पाहिलं.

"बरो आयला," ती म्हणाली. "आधार कार्डाक चलतलो."

ती उठली आणि चुलीकडे गेली. मी आल्बम काढला. यात बाबा नाहीत हे मला दिसत होतं, पण कुठे नाहीत ते दाखवता येत नव्हतं. हात माझा होता, कॅमेरा नवा होता, तेवढ्याने असं होईल का? मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. लहानपणापासून पाहिलेले ते फोटो ओळीने असे मी कधी पाहिले नव्हते. पहिल्या नऊ फोटोंत माटोळी आजच्यासारखीच होती, फळ न् फळ वेगळं. दहाव्या फोटोत ती अचानक फिरू लागली होती. सुपारीचे घड वळून आईच्या डोक्याभोवती कडं करत होते आणि मध्ये तिचे डोळे होते. तिथून पुढे शेवटपर्यंत तसंच. दहाव्या फोटोखाली बाबांच्या अक्षरात सत्त्याऐंशी साल. मी तेव्हा आठ वर्षांची.

मी आल्बम घेऊन स्वयंपाकघरात गेले. "आई, सत्त्याऐंशीला बाबांनी लेन्स बदलली होती?"

"ना. तीच ती. त्या वर्सा तिका बुरशी लागिल्ली. तेन्नाच तो बल्ब हाडलो."

"मग उघडून साफ कुणी केली?"

"तांणीच." आईने चून ढवळलं. "बाल्कांवार बसून. सगळ्यो कांचो फडक्यार मांडिल्ल्यो. तितल्यांत गेटीर कोण तरी आयलो, ते उठून गेले. परत येतात तर तुवें सगळें बसोवन कडी घट्ट करून दवरिल्लें. 'बाबा, जालें!' म्हणून नाचताली."

शंभूचा तो आडाणी मीच होते. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

"फोटो धुतले तेन्ना कळ्ळें," आई म्हणाली. "दोन दिस तोंड उगडलें ना."

"मग सरळ का नाही केली?"

"हांवें विचारलें. म्हणाले, पयलीं फोटोंत माटोळी दिसताली, आतां तूं दिसता." तिने डावाला लागलेलं चून बोटाने निरपलं. "आनी तुका सांगूंक दिलें ना. म्हणाले, भियेतली, मागीर कसल्याच वस्तूक हात लावची ना."

गिऱ्हाइकांना ते फोटो आवडले, पुढचं तर मला ठाऊकच होतं. रशियाकाराने दूरचं कधीच नीट येत नाही, म्हणून बाबा माणसांच्या इतक्या जवळ जाऊन उभे राहतात, असं मी कित्येकांना मोठ्या जाणतेपणी समजावून सांगितलं होतं. काच उलटी घालून ते दूरचं कुणी घालवलं, ते आज कळलं.

शंभूचं दुकान आता चवथीनंतरच उघडणार होतं. तोवर माटोळी सुकली असती. आणि त्याला सांगितलं तरी काय असतं, की नीट बसवलेली काच पुन्हा आडाण्यासारखी बसवून दे?

बाबांच्या कपाटात खालच्या खणात सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा होता. लेन्सची पुढची कडी, जिच्यावर तिचं नाव कोरलेलं आहे, ती रबराने दाबून फिरवली की सुटते, हे मी त्यांना करताना पाहिलं होतं. मी दारापुढच्या बाल्कांवावर बसले. आईने धुतलेलं पांढरं फडकं मांडीवर पसरून दिलं आणि समोर बसली.

"हात धुतले?"

"धुतले."

"तेन्ना धूंवंक नासले," ती म्हणाली.

कडी दोनदा निसटली, तिसऱ्यांदा फिरली. काच फडक्यावर आली, एका बाजूने फुगीर, दुसरीकडून जवळजवळ सपाट. मी तिला फक्त कडेला धरून उचललं, उलटी केली आणि आत सोडली. ती बसल्याचा बारीक आवाज झाला. आठव्या वर्षी एवढा वेळ लागला नसावा. कडी घट्ट केली. आईने फडक्याची घडी केली.

ऊन खिडकीतून उतरायला लागलं होतं. आई पुन्हा माटोळीखाली बसली. मी पुढे सरकले, आणखी पुढे, बाबा उभे राहत त्या लादीपर्यंत. कडी फिरवली. माटोळी आधी नुसतीच रंगांची झाली, मग हलकेच वळली, आंबाडे आणि कांगलां तिच्या पांढऱ्या केसांभोवती फेर धरू लागली. मधोमध तिचा डावा डोळा येत होता, जात होता, येत होता. मला जमत नव्हतं. बाबांनाही वेळ लागायचा. म्हणून तर त्या शेहेचाळीस फोटोंत आईचे ओठ नेहमी काहीतरी बोलायच्या बेतात असत.

"पुरो आतां," ती म्हणाली, "चून करपतलें."

तिचे ओठ उघडतानाच मी बटण दाबलं.

दिवाळीआधी डिचोलीला जाऊन तो फोटो कागदावर छापून आणला आणि आल्बममध्ये लावला. आईने गेल्या वर्षासाठी चिकटवलेल्या त्या चार कोपऱ्यांत नाही, त्याच्या पुढच्या पानावर. कपाटातला बल्ब चालू आहे.