खिळ्याचा ठोका असलेला रुपया

दसरू मडावीला नाण्यांचा शौक कधीच नव्हता. कुरखेड्याच्या बाजारात मोहफुलं विकायची, आलेल्या नोटा खिशात घालायच्या आणि घर गाठायचं, एवढंच त्याला ठाऊक. पण समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरत आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'घरचे जुने रुपये मातीमोल विकू नका, लिलावात भाव बघा.' तो फोटो बघता बघता दसरूचा चहा गार होऊन गेला.

चांदीचा रुपया. वर माळेत ओवायची कडी डागलेली, आणि राजाच्या गालावर खिळ्याचा ठोका.

तो ठोका त्यानेच मारला होता, लहानपणी, मायच्या रुपयांच्या माळेवर. खिळा थोरल्या बहिणीने, रुखमाने धरला आणि दगड याने हाणला. मायने, बायनाबाईने, दोघांना उभं करून विचारलं, तर एकानेही दुसऱ्याचं नाव सांगितलं नाही. मग काय, दोघांनीही सपाटून मार खाल्ला आणि गोठ्यामागे जाऊन पोट धरून हसले.

सहा वर्षांपूर्वी माय गेली. त्या दिवशी घरात माणसांची रीघ लागली होती. संध्याकाळी पेटी उघडली, तर माळ गायब! रुखमाने दसरूकडे पाहिलं, दसरूने रुखमाकडे. तोंडाने कोणी बोललं नाही, पण मनातल्या मनात दोघांनी एकमेकांचं नाव घेऊन टाकलं. त्यानंतर नागभीडहून रुखमा माहेरी आली नाही, आणि यानेही बोलावलं नाही.

"इकली ना बाईनं शेवटी!" दसरू बहिणीवर चडफडला. मायचा एक तरी रुपया घरी आणायचाच, असं त्याच्या मनाने घेतलं.

ऑनलाइन लिलावाच्या पानावर विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'दुर्मिळ साल. ग्रेडिंग केलेलं नाही.' म्हणजे कोणा जाणकाराने तपासून खरं-खोटं ठरवलेलं नाही. घेणाऱ्याने आपल्या जिवावर घ्यावं. बोली चार हजारांपासून, रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत.

रविवारी दसरू शाळेच्या ओट्यावर बसला, कारण गावात रेंज तेवढी तिथेच. सात हजारांवर बाकीचे गळाले. एकच जण मागे हटेना. बोली लावणाऱ्यांची नावं लपवलेली, तेव्हा कळायलाही मार्ग नाही. याने हजार वाढवले की तोही वाढवायचा.

"अवो, गाडीसाठी ठेवलेले पैशे हायेत थे!" बायको निशा कळवळली. "आन खोटं निंगालं त?"

"खोटं नाई. मले मालूम हाये."

आकडा पंचवीस हजारांवर गेला. कोण हा येडा, असेल कोणी पुण्याचा शेठ, असं पुटपुटत दसरूने पुढचा आकडा टाकायला बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. अरे, शेठ कशाला घेईल हा रुपया? कडी डागलेला, ठोका बसलेला, तपासलेला नाही. नाण्यातलं कळणारा माणूस याला हात लावणार नाही. एवढे पैसे फक्त तोच मोजेल, ज्याला तो ठोकाच पाहिजे.

आणि असं माणूस जगात एकच होतं. पण माळ जर तिने विकली, तर विकलेला रुपया पंचवीस हजारांना ती परत कशाला घेईल?

दसरूला स्वतःची एवढी लाज वाटली की त्याचे कान तापले. चाराला थोडाच वेळ होता. त्याने फोन लावला.

"बाई, मी दसरू."

पलीकडून घाईघाईत, "मंग बोल. मी कामात हाये."

"कोन्त्या कामात, थे मले मालूम हाये. खिळा तूच धरला होता ना?"

रुखमा ओरडलीच, "म्हंजे थो दुसरा तू?" आणि ती एकदम रडायलाच लागली. "मले वाटे तूच इकली रे, दसरू."

"मले वाटे तू नेली."

"मंग नेली कोनं?"

"नेली असंल कोनं बी. आपुन नाई नेली, बाई."

नाक ओढत रुखमा दरडावली, "आता आकडा टाकशील त हात मोडीन तुया!"

त्याने टाकला नाही. चार वाजले, रुपया रुखमाचा झाला.

"गेला ना हातातून?" निशा म्हणाली. दसरूने डोळे पुसत नुसती मान हलवली. फोन अजून चालूच होता.

"दसरू," रुखमा हळूच म्हणाली, "एवढे पैशे नाईत रे माह्यापाशी."

"गाडीचे हायेत," तो म्हणाला. "उद्याच्या यष्टीनं घेऊन येतो."