मागचं चाक

अंगणात सायकल उलटी टाकून बबिता मागचं चाक फिरवायली होती, आणि चाक पिलेल्या माणसावानी झोकांड्या खायलं होतं.

"राहू दे की गं," उंबऱ्यावरून सासू, कडूबाई म्हणाली. "पूर्णेहून महारुद्र आला की करंल."

"ते येणार शनिवारी, आत्याबाई. अर्पीचा पेपर उद्याच हाय."

"मंग दुकानात टाक."

"दुकान शाळेपाशी, पेडगावातच. असल्या चाकावर कालव्यावरून नेऊ कशी?"

काल शाळेतून येताना तिथंच चाक लचकलं होतं. सायकल आडवी झाली, अर्पिता कॅरियरवरून उडाली आणि भरावाच्या गवतावरून घसरत निघाली. खाली रानाला सोडलेलं पाळीचं गढूळ पाणी काठोकाठ. बबिताच्या हाताला दप्तराचा बंद लागला म्हणून लेकरू हाती आलं. बंद तुटला असता तर? डोळे मिटले की तेच पाणी दिसायचं.

नवऱ्याच्या हत्यारांच्या डब्यात तारा आवळायची गोल चावी सापडली. त्याला करताना तिनं पाहिलं होतं, तेवढंच. तिनं एकेक तार बोटानं छेडली. आवळलेली टिंग करायची, ढिली नुसतीच हलायची. मग रिमजवळ खडू धरून चाक फिरवलं. जिथं खडू घासला तिथं तार आवळली. चाक जास्तच वाकडं झालं आणि ब्रेकला अडकून बसलं. होतं नव्हतं तेबी घालवलं!

"आई, मोडली का?" अर्पितानं विचारलं.

"न्हाई गं."

मग ध्यानात आलं, जिकडं रिम झुकली होती त्याच बाजूची तार ती आवळायली होती. ती सैल केली, समोरच्या बाजूची आवळली, थोडी थोडी. दिवस मावळताना चाक खडूला न शिवता फिरलं. तरी बबितानं ते पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं.

सकाळी भरावाजवळ अर्पिता अडून बसली.

"मी न्हाई बसत. चालत येते."

"नीट केलंय बाळा."

"परवा बी नीटच होतं."

बबिताचाच भरोसा कुठं होता?

पोचवायला आलेल्या कडूबाईनं पदर खोचला. "सरक. आधी मी बसते."

"आत्याबाई, तुमी जन्मात बसल्या न्हाईत!"

"म्हणून काय झालं? पडलं तर म्हातारी पडंल. चल."

कडूबाईनं डोळे गच्च मिटले आणि सुनेचं लुगडं मुठीत धरलं. सायकल निघाली. "हळू! आगं माय! मेले!" म्हातारीचा आरडाओरडा कालवाभर घुमला. पडल्या जागेवरून जाऊन सायकल परत आली तवा अर्पिता पोट धरून हसायली होती.

कडूबाई उतरली, खोचलेला पदर सोडला. "बस आता. लय झ्याक चालतीय."

अर्पितानं आईच्या कमरेला मिठी घातली. बबितानं पायडल मारलं. पाण्याकडं पाहिलंच न्हाई, नुसता चाकाचा आवाज ऐकत राहिली.

"आई, तू थरथरायलीस?"

"न्हाई गं. खड्डे हायेत."

भराव तिथं तळहातावानी सपाट होता. अर्पितानं मिठी आणखी आवळली, आणि बबिता पायडल मारत राहिली.