पहिली कुदळ

कुडपण गावात ठकूबाईच्या उकिरड्याएवढा मोठा उकिरडा दुसरा नव्हता, आणि तिला त्याची लाजही नव्हती. कुणी बोललंच तर ती फणकारायची, "असू दे. माझा महिपत आला की उघडंल." महिपत तिचा एकुलता एक मुलगा, मुंबईला कारखान्यात. या घराची रीत अशी की उकिरड्याला पहिली कुदळ पुरुषानं घालायची. नवरा गेल्यावर ती महिपत घालायचा, दर वैशाखात रजा काढून. ब्याऐंशी सालापासून मात्र तीन वैशाख तो आलाच नाही.

तीन वर्षं शेण, राख, झाडांचा पातेरा, नाचणीचा भुसा सगळं त्या खड्ड्यात पडत राहिलं आणि तिकडे शेत उपाशी. गेल्या साली नाचणी वीतभर वाढून थांबली. शेजारची आवडी तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "काकी, यंदाही खत नाय पडला तर खाशील काय? रीत शिजवून खाशील?"

दोन दिवस ठकूबाईनं तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून, कुदळ घेऊन उकिरड्याशी उभी राहिली. घाव घालायचा म्हणजे पोरगा यंदाही येत नाही हे आपणच कबूल करायचं, आणि ते तिच्या जिवावर आलं होतं. पण पाऊस काही महिपतसाठी थांबणार नव्हता. तिनं डोळे मिटले आणि कुदळ हाणली.

आत काळंभोर, भुसभुशीत खत. शेण कुठलं, राख कुठली, काही ओळखू येईना. घाणीचा वास म्हणून नाही. ते बघून आवडीही आली आणि हारे भरभरून खत शेतात नेऊ लागली. खणत खणत तळाशी गेल्यावर कुदळीला काहीतरी अडकलं. ओढून काढलं तर प्लास्टिकची पिशवी, लालभडक, कालच टाकल्यासारखी. शेवटच्या खेपेला महिपतनं आईसाठी लुगडं आणलं होतं, ते हिच्यातूनच. सगळ्याची माती होते तशी हिचीही होईल, म्हणून ठकूबाईनंच ती इथं टाकली होती. पिशवीखाली शेणाचा पो सुकून जसाच्या तसा पडला होता. पाणी नाही, गांडूळ नाही, कुजणार कसा?

ठकूबाई त्या शेणाकडे बघता बघता खाली बसली. "आवडे, तीन वर्सा मीपण अशीच पडलेय गो. ना जित्यात, ना मातीत."

आवडीनं पिशवी उचलून बांधावर दगडाखाली ठेवली. "ही शेतात नको. हिच्याखाली दाणा रुजायचा नाय," एवढंच म्हणाली आणि पुढचा हारा डोक्यावर घेतला.

दुपार कलताना वाडीतला येसाजी मुंबईहून आला. पोलादपुरापासून चालत आलेला, तरी घरी न जाता आधी ठकूबाईकडे वळला.

"काकी, महिपतला यंदापण सुट्टी नाय. तुला सांगितलाय, उकिरड्याला हात लावू नको. पुढच्या साली येऊन तोच उघडंल."

रिकाम्या खड्ड्यात उभ्या ठकूबाईनं कुदळ खाली ठेवली.

"त्याला सांग, खत शेतात गेला. आता कुदळीसाठी यायचा काम नाय. म्हणावं, नुसता ये. मला तुला बघायचाय."